खांद्यावरचा हात आणि अर्धे राहिलेले वाक्य

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे एकाच नाटकाविषयीची निघाली, म्हणून या वेळचे सदर त्यांनाच दिले आहे. नाटक आहे अमेरिकी नाटककार डेव्हिड मॅमेट यांचे 'ओलियाना'. १९९२ च्या मे महिन्यात मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे त्याचा पहिला प्रयोग झाला आणि त्याच वर्षी ते न्यूयॉर्कला आले. पात्रे दोनच आहेत. जॉन हा विद्यापीठातला प्राध्यापक. नोकरीत कायम होण्याच्या उंबरठ्यावर असलेला आणि नवे घर घेण्याच्या गडबडीत पडलेला. कॅरोल ही त्याची विद्यार्थिनी. त्याचे पुस्तक तिला कळत नाही आणि ती नापास होण्याच्या बेतात आहे. पहिल्या अंकात ती मदत मागायला त्याच्या खोलीत येते. दुसऱ्या अंकात कळते की तिने त्याच्या नोकरीचा निर्णय घेणाऱ्या समितीकडे त्याच्याविरुद्ध लैंगिक गैरवर्तनाची लेखी तक्रार केली आहे. तिसऱ्या अंकात त्याची नोकरी गेलेली असते आणि शेवट मारहाणीत होतो. ज्यांनी नाटक वाचलेले नाही त्यांना पुढची उत्तरे समजावीत, म्हणून एवढे आधीच सांगून ठेवते.

प्रश्न : आमच्या हौशी संस्थेत या नाटकाचे पहिले वाचन झाले आणि अर्ध्या तासात दोन तट पडले. काहींच्या मते जॉन निर्दोष असून मुलगी कावेबाज आहे, तर काहींच्या मते त्याने केले त्याचेच फळ त्याला मिळाले. दिग्दर्शक म्हणून मी कोणाची बाजू घ्यावी? — एक दिग्दर्शक, नाशिक

तट पडले याचा अर्थ वाचन चांगले झाले. हे नाटक रंगमंचावर आले त्याच्या आधीच्या ऑक्टोबरात, म्हणजे १९९१ मध्ये, अनिता हिल यांनी अमेरिकी सिनेटच्या समितीसमोर साक्ष दिली होती. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशपदासाठी ज्यांचे नाव सुचवले गेले होते ते क्लॅरेन्स थॉमस हे हिल यांचे पूर्वीचे वरिष्ठ होते आणि थॉमस यांनी आपला लैंगिक छळ केला, असे हिल यांचे म्हणणे होते. तो वाद डोक्यात घेऊनच लोक नाट्यगृहात आले आणि भांडत बाहेर पडले. पुढे २००९ मध्ये हे नाटक न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आले तेव्हा प्रयोगानंतर प्रेक्षकांशी चर्चाही ठेवण्यात येत असे. तुमच्या वाचनात जे झाले ते या नाटकाच्या बाबतीत पहिल्यापासून होत आले आहे.

बाजू घेऊ नका, असे मात्र मी तुम्हाला सांगणार नाही. बाजू न घेणे बोलायला सोपे आहे. तालमीत तुम्ही बसवलेली प्रत्येक हालचाल बाजू घेतच असते. सगळ्यांत मोठा धोका पहिल्या अंकातल्या एका छोट्या कृतीत आहे. कॅरोल रडवेली होते, जॉन जवळ जातो आणि तिच्या खांद्यावर हात टाकतो. ती मोठ्याने 'नाही' म्हणून दूर होते. संहितेत एवढेच आहे, पण पुढचे दोन्ही अंक या हातावर उभे आहेत. तो हात क्षणभर जास्त रेंगाळला, बोटे दंडाकडे सरकली, तर जॉनचा निकाल पहिल्या अंकातच लागला. तो हात अगदी कोरडा, घाईचा, आपल्याच विचारात गढलेल्या माणसाचा ठेवला, तर कॅरोल खोटारडी ठरली. तुम्हाला या दोन्हींच्या मधला हात शोधायचा आहे, आणि एकदा सापडला की तो प्रत्येक प्रयोगात तसाच, तेवढ्याच वेळाचा ठेवायचा आहे. नट त्या दिवशी रंगात आहे म्हणून तो बदलता कामा नये.

आपल्या प्रेक्षकाच्या बाबतीत इथे एक वेगळी अडचण आहे. गुरुजींचा पाठीवरचा हात ही मराठी मनातली फार प्रेमाची खूण आहे. कुसुमाग्रजांच्या 'कणा' कवितेतला पुरात सारे गमावलेला विद्यार्थी सरांकडे पैसे मागत नाही, पाठीवर हात मागतो, हे आपल्यापैकी कितीतरी जणांना पाठ आहे. तीच ऊब घेऊन आपला प्रेक्षक जॉनच्या हाताकडे पाहणार. त्या कवितेत विद्यार्थी स्वतः हात मागतो आणि इथे कॅरोलने तो मागितलेला नाही, हा फरक प्रेक्षकाला जाणवायचा असेल तर हात पडण्याआधीचा क्षण मोकळा ठेवावा लागतो. तिचे शरीर त्या वेळी काय सांगते आहे हे प्रेक्षकाला दिसले पाहिजे आणि जॉनला ते दिसत नाही, हेही दिसले पाहिजे. जॉन वाईट माणूस आहे की नाही यापेक्षा तो पाहत नाही हे मला महत्त्वाचे वाटते, आणि न पाहण्याची मुभा ज्याच्या हातात सत्ता असते त्यालाच असते.

तालमीसाठी एक उपाय सुचवते. पहिला अंक बसल्यावर दोघांनाही घरी पाठवा आणि त्या दुपारी खोलीत काय घडले ते पात्र म्हणून एकेक पान लिहून आणायला सांगा. मी एका अभ्यासवर्गात हे केले तेव्हा जॉन करणाऱ्या नटाच्या पानभर मजकुरात तो हात आलाच नव्हता; त्याने फोनबद्दल, घराबद्दल, आपण तिच्यासाठी नियम कसा बाजूला ठेवला त्याबद्दल लिहिले होते. मुलीच्या पानावर हात पहिल्याच ओळीत होता. दोघांनीही खोटे लिहिले नव्हते. ती दोन पाने मी तालमीच्या खोलीत भिंतीवर लावून ठेवली आणि नंतर कोणाची बाजू घ्यायची हा प्रश्न मला कोणी विचारला नाही.

आणखी एक गोष्ट कॅरोलच्या वहीची. पहिल्या अंकात ती टिपणे घेते आणि दुसऱ्या अंकात जॉनचेच शब्द तक्रारीतून परत येतात. बऱ्याच नट्या वहीवर नुसते पेन फिरवतात. तसे न करता तिने प्रत्येक प्रयोगात खरोखर लिहावे, आणि कोणती वाक्ये लिहायची ते ठरवून लिहावे. कॅरोल पहिल्यापासून डाव टाकते आहे असे दाखवण्याचा मोह त्यामुळे आपोआप कमी होतो. ती न समजलेले उतरवून घेणारी मुलगी राहते, आणि मधल्या काळात कोणीतरी तिला त्या वाक्यांचा अर्थ लावून दिलेला असतो.

शेवटाबद्दल विचार करताना हेही लक्षात असू द्या की १९९३ मध्ये लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये ब्रिटिश नाटककार हॅरॉल्ड पिंटर यांनी हे नाटक बसवले तेव्हा शेवट छापील संहितेपेक्षा वेगळा ठेवला होता. त्यात मारहाणीनंतर जॉन कॅरोलच्या मागणीप्रमाणे कबुलीजबाब वाचतो. छापील शेवट मारहाणीपाशी थांबतो, दुसऱ्यात त्याच्या हातात कागद असतो. तुमच्याकडे मात्र परवानगी ज्या संहितेची असेल तोच शेवट करावा लागेल.

प्रश्न : मी या नाटकाचा मराठी अनुवाद करतो आहे. इंग्रजीत दोघेही एकमेकांना एकाच सर्वनामाने बोलावतात. मराठीत 'तू' की 'तुम्ही'? शिवाय जवळजवळ प्रत्येक वाक्य अर्धे तुटते, ते मराठीत कृत्रिम वाटते. — एक अनुवादक, पुणे

तुमची अडचण मला मराठीला मिळालेली देणगी वाटते. इंग्रजीतल्या नटाला जे आवाजातून दाखवावे लागते ते आपल्याकडे सर्वनामात आयते आहे. जॉनने पहिल्या अंकात सहज, विचार न करता 'तू' म्हणावे. आपल्या महाविद्यालयांतले बहुतेक सर तसेच बोलतात. कॅरोलने 'सर' आणि 'तुम्ही' म्हणावे. दुसऱ्या अंकात तक्रारीचा कागद समोर असताना जॉनच्या तोंडून पहिल्यांदा 'तुम्ही' निघू द्या. त्या एका शब्दात भीतीही आहे आणि दुरावाही. पुढे तो समजूत घालायला लागतो तेव्हा नकळत पुन्हा 'तू'वर येतो, आणि तीच त्याची चूक असते.

तिसऱ्या अंकात कॅरोलला 'तू' म्हणायला लावून टाळी घ्यावी असे तुम्हाला वाटेल. कृपा करून तसे करू नका. ती शेवटपर्यंत 'तुम्ही'च म्हणेल, फक्त 'सर' हा शब्द कुठेतरी गळून पडेल. तो नेमका कोणत्या वाक्यात गळतो हे प्रेक्षकाच्या लक्षात येता कामा नये. बऱ्याच वेळाने त्याला चुकल्यासारखे वाटले पाहिजे. तक्रारीच्या मजकुरातही 'त्याने' नको, 'त्यांनी' हवे. 'त्यांनी मला जवळ घेतले' हे आदरार्थी वाक्य 'त्याने' पेक्षा कितीतरी अधिक अस्वस्थ करते, कारण त्यात राग नसतो, फक्त नोंद असते.

तुटलेल्या वाक्यांचे कारण व्याकरणात आहे. इंग्रजीत क्रियापद लवकर येते, त्यामुळे वाक्य मध्येच तुटले तरी ऐकणाऱ्याला दिशा कळलेली असते. मराठीत क्रियापद शेवटी येते आणि नकारही बहुधा शेवटीच येतो. 'मला तुमचं पुस्तक' एवढ्यावर कॅरोलला तोडले, तर आवडले, समजले, समजले नाही, की नकोसे झाले, यातले काहीच हाती लागत नाही. म्हणजे मराठी कॅरोलला तोडणारा जॉन तिचे म्हणणेच नाही, तर तिचा होकार-नकारही तोडतो. हे हेरून तोडण्याची जागा ठरवा. जिथे अर्थ पोहोचायला हवा तिथे क्रियापद आधी आणा, 'वाचलं मी, सर, पण', बोलीत आपण असे बोलतोच. जिथे अर्थ हरवायला हवा तिथे नेहमीचा क्रम ठेवून क्रियापदाच्या आधी कापा. प्रत्येक तुटक्या वाक्यापुढे समासात ते पूर्ण वाक्य पेन्सिलने लिहून ठेवा आणि नटांना तीच प्रत द्या. आपले वाक्य कुठे जाणार होते हे ज्याला माहीत नसते तो नट तोडले जाण्याची वाट पाहत थांबतो, आणि ते लगेच दिसते.

अशा तुटण्याची सर्वांत महत्त्वाची जागा पहिल्या अंकाच्या शेवटाकडे आहे. कॅरोल आजवर कोणालाही न सांगितलेले काहीतरी सांगायला लागते आणि फोन वाजतो. जॉन तो उचलतो. घराच्या व्यवहाराच्या नावाने चाललेली ती सारी धावपळ त्याला चकित करण्यासाठी ठेवलेल्या मेजवानीची होती, असे निष्पन्न होते. कॅरोल काय सांगणार होती ते नाटक संपेपर्यंत कळत नाही. माझ्या मते सत्तेचा खरा प्रसंग तोच आहे. तो हात पुढे तक्रारीत तरी येतो, हे वाक्य कुठेच येत नाही. त्या फोनच्या पलीकडचे संवादही लिहून काढा आणि तालमीत विंगेतून कोणालातरी प्रत्यक्ष बोलायला लावा. नंतर तो आवाज काढून घ्या. जॉनचे पॉज मग खरे होतात. फोन तारेचाच ठेवा, कारण तो उचलायला जॉनला कॅरोलपासून उठून टेबलामागे जावे लागते.

प्रश्न : हेच नाटक महाराष्ट्रातल्या महाविद्यालयात घडते असे रूपांतर केले तर प्रेक्षकाला जवळचे वाटणार नाही का? — सोलापूर

जवळचे वाटेल, पण नाटक उभे राहणार नाही. या नाटकाचे यंत्र अमेरिकी विद्यापीठातल्या कायम नियुक्तीवर चालते. जॉनची नियुक्ती ज्या समितीच्या हातात आहे तिच्याकडेच कॅरोल तक्रार नेते, आणि तरीही ती दोघे बंद खोलीत पुन्हा पुन्हा भेटू शकतात. आपल्याकडे कामाच्या ठिकाणी होणाऱ्या महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आणि उच्च शिक्षण संस्थांसाठीचे विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे विनियम यांमुळे अंतर्गत तक्रार समिती येते, तक्रारीसाठी तीन महिन्यांची आणि चौकशीसाठी नव्वद दिवसांची मुदत येते, समितीत बाहेरचा सदस्य येतो. ते वेगळे नाटक आहे आणि ते कोणीतरी लिहावे असे मला मनापासून वाटते. तोपर्यंत जॉन आणि कॅरोल यांना अमेरिकेतच राहू द्या आणि भाषा मात्र अस्सल मराठी करा. परवानगी दोन्हींसाठी लागते. लेखक हयात आहेत, त्यामुळे अनुवादाचे आणि प्रयोगाचे हक्क लेखी घ्यावे लागतील, आणि जाहीर प्रयोगाआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडूनही मंजूर करून घ्यावी लागेल.

प्रश्न : मी कॅरोल करते आहे. आमचे सर दिग्दर्शन करतात आणि जॉनही तेच करतात. शेवटची झटापट त्यांनी बसवलेलीच नाही; 'ती त्या क्षणी येऊ दे' असे ते म्हणतात. गेल्या आठवड्यात माझ्या दंडावर वळ उठले. अंतर्गत गुणही त्यांच्याच हातात आहेत. मला भीती वाटते हे सांगितले तर मी कच्ची नटी ठरेन का? — नाव व गाव न छापण्याच्या अटीवर

नाही. तुमची भीती तुमच्या कामातला दोष नाही आणि तुम्ही हे पत्र लिहिलेत हे फार चांगले केलेत.

झटापट 'येऊ देणे' ही नाट्यकलेतली कोणतीही पद्धत नाही. मारामारी नृत्यासारखी बसवायची असते, मात्रांवर आणि पावलांवर. पहिले दिवस ती निम्म्या वेगाने होते आणि वेग हळूहळू वाढतो. तिचा पहिला नियम असा की ज्याला मार बसतो आहे तोच हालचाल चालवतो. जॉन तुमचा दंड धरताना दिसला तरी त्याची पकड सैल असते आणि ओढले जाण्याचा जोर तुमच्या शरीरातून येतो. तुम्ही जमिनीवर पडता त्या स्वतः, आधी गुडघा, मग मांडी, मग खांदा, ठरलेल्या जागी. तो खुर्ची उचलतो ती तुमच्या डोक्याच्या रेषेत कधीच नसते. ती बाजूला असते आणि ती नेमकी कुठे थांबणार त्याची खूण जमिनीवर चिकटपट्टीने केलेली असते. फटक्याचा आवाज त्याचा हात तुमच्या गालावर न पडता काढला जातो. लहान प्रेक्षागृहात प्रेक्षक तीन बाजूंनी आणि हाताच्या अंतरावर बसलेले असतात, तिथे अंतराची फसवाफसवी चालत नाही, म्हणून तर हे सगळे अधिकच काटेकोर लागते. प्रत्येक प्रयोगाआधी, तिसरी घंटा होण्याच्या बऱ्याच आधी, दोघांनी ही झटापट एकदा हळू करून पाहायची असते. शंभरावा प्रयोग असला तरी.

आता त्याहून अवघड गोष्ट. जो माणूस तुम्हाला गुण देतो, तोच दिग्दर्शन करतो आणि तोच रंगमंचावर तुमचा दंड धरतो. तुमच्या तालमीच्या खोलीत हे नाटक आधीच सुरू आहे. तुमचे सर हेतूने वाईट असतील असे मी म्हणत नाही. जॉनही आपल्याला भला माणूसच समजतो. पण ही रचनाच चुकीची आहे आणि ती दुरुस्त करण्याची जबाबदारी त्यांची आहे, तुमची नव्हे. तुम्ही एवढे मागू शकता, आणि एकट्याने मागू नका, नाटकातल्या कोणाला तरी बरोबर घ्या: झटापटीच्या प्रत्येक तालमीला तिसरी व्यक्ती हजर असावी, ती बसवायला बाहेरचा जाणकार यावा, आणि एक शब्द ठरावा, जो तुम्ही उच्चारला की काही न विचारता सगळे थांबेल. 'नाही' हा शब्द त्यासाठी घेऊ नका, तो या नाटकाच्या संवादातच आहे.

वळ उठल्याचे दिवस आणि वेळ लिहून ठेवा, छायाचित्र काढा, घरी किंवा विश्वासातल्या प्राध्यापकांना दाखवा. मागणी करूनही काही बदलले नाही तर प्राचार्यांना लेखी द्या आणि नाटक सोडा. तालमीतला किंवा तालमीबाहेरचा कोणताही स्पर्श तुम्हाला नकोसा आणि अश्लाघ्य वाटला असेल, तर अंतर्गत तक्रार समितीकडे जाण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. २०१५ च्या विनियमांनुसार चौकशी चालू असताना संबंधित शिक्षकाला तुमचे काम किंवा परीक्षा तपासण्यापासून दूर ठेवता येते. गुणांची धास्ती तुम्हाला गप्प बसवत असेल तर हा नियम तुमच्यासाठीच आहे. एखादी भूमिका हातची गेली तर वाईट वाटते, मी ते अनुभवले आहे. दुसरी भूमिका मिळते. मला पुन्हा पत्र लिहा. ते छापले जाणार नाही आणि उत्तर थेट तुम्हालाच येईल.

प्रश्न : मी सदतीस वर्षे शाळेत शिकवले. अशा नाटकांनी शिक्षकांवरचा उरलासुरला विश्वासही उडतो असे मला वाटते. ही नाटके करावीतच का? — एक सेवानिवृत्त मुख्याध्यापिका, रत्नागिरी

बाई, तुमचा प्रश्न मी दोन दिवस बाजूला ठेवला होता, कारण तुमच्यासारख्या शिक्षकांनीच मला घडवले आहे. शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यातल्या सत्तेकडे नाटकाने पाहण्याची ही पहिली वेळ नाही. फ्रेंच नाटककार युजीन आयनेस्को यांचे 'द लेसन' १९५१ मध्ये पॅरिसला आले. त्यात मोलकरीण धरून तीन पात्रे आहेत, पण खेळ दोघांचाच. त्यातला प्राध्यापक सुरुवातीला बुजरा असतो आणि विद्यार्थिनी टवटवीत. धडा पुढे सरकतो तसा त्याचा आवाज चढत जातो, तिचे दात दुखायला लागतात, आणि ती दुखते आहे म्हणत असताना तो शिकवतच राहतो. आपल्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'मध्ये, १९६७ साली, तेंडुलकरांनी शिक्षिकेलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले आणि बेणारेबाईंचे दुःख पाहून प्रेक्षकाला बाजू घेणे भाग पडले. यांतल्या एकाही नाटकाने शिक्षकी पेशाला हलके लेखलेले नाही. दुसऱ्याच्या मनावर इतका खोल परिणाम करू शकणारे फार थोडे पेशे आहेत, म्हणून नाटककार पुन्हा पुन्हा वर्गात येतात.

तुमच्या गावात प्रयोग लागला तर पुढच्या रांगेत बसून पाहा, आणि नंतर चर्चा ठेवली असेल तर पहिल्यांदा तुम्ही बोला. मुलगी काहीतरी सांगत असताना दार वाजले, शिपाई नोटीस घेऊन आला, आणि तिचे सांगणे राहून गेले, असे सदतीस वर्षांत तुमच्याही वर्गात कधीतरी झाले असेल. त्या मुलीचे नाव तुम्हाला आठवत असेल, तर तिच्याबद्दल बोला.